कॅमेऱ्याच्या डावीकडे

९ जानेवारी

मुंगे,

तुझा चौदावा रोल परवा मिळाला, काल धुतला. टपालात डबी जरा चेपली होती, पण आत उजेड शिरला नव्हता. शिवणकामवाल्या बाईंचा फोटो बघून मी काळ्या खोलीत एकटीच ‘वा’ म्हणाले. आधी त्या तुला दाखवायला हसल्या असणार, मग हसू ओसरलं, आणि मग जे उरलं ते तू धरलंस. तुझे मामा हेच सांगत. हसू सगळ्यांचं सारखंच असतं, ते ओसरू द्यायचं, मग कॅमेऱ्याच्या नळीचा रबरी फुगा दाबायचा. ओठांत टाचण्या धरायची बाईंची सवय फोटोत दिसते. मी तिथं डाग पुसायची पेन्सिल लावली नाही.

त्या जाड्या दुकानदारानं मात्र सोबत चिठ्ठी पाठवली आहे, ‘एक हनुवटी कमी करावी.’ कुठली ते लिहिलेलं नाही.

इकडे स्टुडिओ चालू आहे. तुझ्या मामांना जाऊन आता आठ महिने होतील. त्यांचा एप्रन खिळ्यावर तसाच आहे. लोक विचारतात, बाई, तुम्ही एकट्याच फोटो काढता? मी म्हणते, कॅमेरा असतो की सोबत.

ज्या खुर्चीत दुसऱ्याला बसवायचं तीत आधी आपण बसून बघायचं, हा मामांचा नियम तू अजून पाळतेस, बरं वाटतं. मांडीवर रोलच्या नंबराची पाटी घेऊन बसलेली तू दर रोलच्या पहिल्या फ्रेममध्ये असतेसच. मी नंबर बघते, फ्रेम कापते आणि डब्यात टाकते. ती कोण छापणार म्हणा!

पत्रं मात्र तुझी आखूड होत चालली आहेत. मी वाचायला लग्नानंतर शिकले, तेही फोटोच्या काचा गुंडाळून येणाऱ्या रद्दीच्या कागदांवर. मला भरभर वाचता येत नाही, म्हणून एकेक ओळ पुरवून वाचते. तुझं पत्र हल्ली एका घोटात संपतं.

तुझी मामी


२० जानेवारी

मामी,

पत्र मिळालं. मी मजेत आहे. घरात कामं खूप असतात म्हणून लिहायला होत नाही.

आता फोटोच्या कामाला हे माझ्यासोबत येतात. कॅमेऱ्याचा स्टँड उचलतात. मला एकटीला लोकांच्या घरी पाठवत नाहीत. रोल धुवायला इथंच एक अंधारी खोली करावी असं मनात होतं, पण बंद खोलीत तासन्‌तास काय करणार, असं यांचं म्हणणं पडलं. ते बरोबरच आहे. तेव्हा रोल तुझ्याकडेच येत राहतील.

यांच्या साहेबांना सहकुटुंब फोटो काढून हवा आहे. हे फार खूश आहेत.

पंधरावा रोल पाठवते आहे. माझी काळजी करू नकोस.

मुंगी

(ता. क. मामींना माझा नमस्कार. तिची काळजी घ्यायला मी समर्थ आहे. — आपला जावई)


२ फेब्रुवारी

मुंगे,

नशीबवान आहेस हो! तुझ्या मामांनी तीस वर्षांत स्टँडला हात लावला नाही. पुढे ते टोपी घालून, मागे मी तीन पायांचं ते जनावर खांद्यावर घेऊन. जावईबापूंना सांग, मामी दृष्ट काढणार आहे.

आता रागावते, कारण रागवायला तुला दुसरं कोणी उरलेलं नाही. पंधरावा रोल चांगला नाही. अकराच्या अकरा माणसं लेन्सकडे बघत नाहीत. सगळी कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाला बघतात, आणि शाळेत नाव पुकारल्यासारखी ताठ बसलेली आहेत. लहान मुलगीसुद्धा. तू त्यांच्याशी बोलत नाहीस का? गिऱ्हाइकाशी गप्पा मारल्याशिवाय तू कधी फुगा हातात घेत नव्हतीस. एवढी टिवटिव करायचीस की मामा म्हणायचे, फोटो नको, हिची बडबडच फ्रेम करून द्या. मन लावून काम कर.

आणि जावईबापूंचा एकही फोटो आमच्याकडे नाही. लग्नातल्या फोटोतही ते नेमके खाली बघत होते. चार वर्षं झाली. एकदा त्यांना बसव आणि पाठव.

तुझी मामी


१५ फेब्रुवारी

आदरणीय मामींना सविनय नमस्कार.

आपली भाची जिन्यावरून घसरली व तिचे उजवे मनगट दुखावले आहे, म्हणून हे पत्र मी लिहीत आहे. काळजीचे कारण नाही. डॉक्टरांची गरज पडली नाही. विश्रांती हवी आहे, त्यामुळे कोणी भेटीला येण्याची तसदी घेऊ नये.

आपले शेरे तिने फार मनाला लावून घेतले. ती हळवी आहे हे आपण जाणताच. यापुढे पत्रे माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवावीत. इकडचा पोस्टमन भरवशाचा नाही.

सोबत सोळावा रोल आहे. साहेबांच्या कुटुंबाचे फोटो या वेळी मीच काढले. प्रथम स्वतः खुर्चीत बसण्याचा तिचा खुळा प्रकार मी बंद केला. त्यात एक फ्रेम विनाकारण जाते. साहेब फोटोंची रोज चौकशी करतात. लवकर पाठवावेत.

माझा फोटो आपण मागितलात. फोटोत माणसाचे अंतरंग उतरते असे आपल्या भाचीचे मत आहे. माझा अनुभव असा की माणूस दाखवील तेवढेच उतरते.

आपला नम्र,
जावई


२१ फेब्रुवारी

प्रिय ढब्बू,

हॉस्पिटलात मोठी मेट्रन झालीस तरी मी तुला लहानपणीसारखी ढब्बूच म्हणणार. पत्र वाचताना आजूबाजूला कोणी असेल तर बाजूला हो.

माझी भाची तुला माहीत आहे. आई गेल्यावर आमच्या स्टुडिओतच वाढली ती मुंगी. तिचा नवरा लिहितो की ती जिन्यावरून पडली. ढब्बू, त्यांचं घर तळमजल्यावर आहे. मी पाहिलेलं आहे. त्या घराला जिना नाही.

ती ओळ मी पाचसहा वेळा वाचली. मग मला डबा आठवला. तिच्या प्रत्येक रोलची पहिली फ्रेम तिची स्वतःची असते, हातात नंबराची पाटी धरलेली. मी ती न बघता कापते. दुपारी स्टुडिओचं दार लावून घेतलं, डबा काचेच्या टेबलावर उपडा केला, खाली दिवा लावला, आणि सगळ्या फ्रेमा नंबरानं ओळीत लावल्या.

आठव्या रोलपर्यंत ती माझी मुंगी आहे. डाव्या हातानं मांडीवरची पाटी धरलेली, उजव्या हातात रबरी नळीचा फुगा. स्वतःच दाबते आणि स्वतःच हसते. नवव्या रोलपासून तिचे दोन्ही हात पाटीवर आहेत. फुगा हातात नाही. मग तो कुणी दाबला? आणि तिथून पुढे ती लेन्सकडे बघत नाही. कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाला बघते.

अकराव्यात भर उन्हाळ्यात मनगटापर्यंत बाह्या. बारा आणि तेरामध्ये केस एका कानावर ओढून घेतलेले. चौदाव्यात पाटी मांडीवर नाही, वर गळ्याशी धरली आहे, हनुवटीला टेकेल इतकी वर. पंधराव्यात पाटीवरचं अक्षर तिचं नाही. आणि सोळाव्यात ती नाहीच.

मी तिला लिहिलं होतं, गिऱ्हाइकं डावीकडे का बघतात, मन लावून काम कर. तिथं कोण उभं असतं ते त्या अकरा माणसांच्या चेहऱ्यांवर लिहिलेलं होतं. त्या माणसाचा एकही फोटो माझ्याकडे नाही असं मी म्हणत होते, आणि वर्षभर त्याचेच फोटो धूत होते. दुसऱ्यांच्या तोंडांवरचे.

पेन्सिलीनं लोकांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसत माझा जन्म गेला. काय दिसू नये हे मला बरोबर कळतं. काय दिसतंय ते बघायचं राहून गेलं. हे असते तर त्यांनी बघितलं असतं.

मला भीती वाटते आहे. माझं पत्र आधी तो वाचणार, म्हणून तिला काही लिहिता येत नाही. तुझ्या नर्सेसच्या वसतिगृहात एका मुलीला ठेवता येईल का? मी तिला तिथून कशी काढणार ते मला अजून माहीत नाही.

तुझी काडी


२५ फेब्रुवारी

काडे,

कॉट रिकामी आहे. फाटकावर बाई असते, तिच्या परवानगीशिवाय डॉक्टरही आत येत नाहीत. वॉर्डात तळमजल्यावरच्या घरातून ‘जिन्यावरून पडलेल्या’ बायका मी पुष्कळ पाहिल्या. काही दोनदा आल्या. तिसऱ्यांदा चालत कोणी आली नाही.

रडत बसू नकोस. तू मूर्ख नाहीस, फक्त कामात होतीस. त्याच्याशी भांडू मात्र नकोस. त्याला कळलं की तुला कळलंय, तर पुढचं तिला भोगावं लागेल. गोड बोल आणि डोकं चालव.

ढब्बू


१ मार्च

जावईबापूंना व मुंगीस आशीर्वाद.

कुठल्या तोंडानं लिहू कळत नाही. सोळावा रोल माझ्या हातून खराब झाला. औषध जास्त तापलं आणि सगळी फिल्म काळी पडली. साहेबांचा एकही फोटो हाती लागला नाही. जावईबापू, तुमची मेहनत मी पाण्यात घातली. वय झालं, हेच खरं.

साहेबांना मी वेगळं पत्र घालून माफी मागितली आहे आणि कळवलं आहे की स्टुडिओचा मोठा, काचेच्या प्लेटांचा कॅमेरा घेऊन मी स्वतः येते व त्यांच्या घरी फोटो काढून देते. ते तारीख कळवतील. कॅमेरा जड आहे, मला एकटीला लावता येत नाही. मदतीला मुंगी लागेल. मनगट दुखत असेल तर नुसता काळा कपडा धरला तरी चालेल.

मुंगे, तुझ्या मामांनी हे पाहिलं असतं तर मला काळ्या खोलीतून हाकलून दिलं असतं.

मामी


१४ मार्च

आदरणीय मामी,

साहेबांना परस्पर पत्र पाठवण्याआधी आपण मला विचारले असते तर बरे झाले असते. असो. साहेबांनी २६ तारीख, दुपारची वेळ दिली आहे व त्यांच्या पत्नी उत्सुक आहेत. नाइलाज आहे. आपण सकाळी यावे व त्याच दिवशी परतावे. घरात पाहुण्यांची सोय सध्या नाही.

भाचीला दोन ओळी लिहायच्या आहेत म्हणते.

आपला,
जावई

मामी, तुझ्या हातून रोल खराब झाला हे वाचून मी कितीतरी वेळ नुसती बसून राहिले. मामा म्हणायचे ना, हिच्या हातून घर जळेल पण फिल्म जळणार नाही. साहेबांच्या बंगल्यापासून स्टेशन चालत वीस मिनिटांवर आहे. तुझी परतीची गाडी सहाची. तीन वाजून पाच मिनिटांनी एक सुटते ती उलट दिशेला जाते, चुकून तीत बसू नकोस. — मुंगी


३० मार्च

मुंगे,

पाकिटावर ढब्बूचं नाव घातलं आहे. तू पोचलीस असं तिनं कळवलं, तेव्हा चार दिवसांनी मी पहिल्यांदा नीट जेवले. तू दारातून बाहेर पडल्यावर काय झालं ते तुला कोणी सांगितलेलं नाही, म्हणून सगळं लिहिते.

काळ्या कपड्याखाली दोघींची डोकी घालून मी ‘फोकस बघ गं’ म्हणाले आणि तुझ्या हातात तिकीट व पत्ता कोंबला, तेव्हा तुझा श्वास केवढ्यानं वाजत होता! मला वाटलं बाहेर ऐकू जातोय. वर तो विचारत होता, ‘काय, दिसतंय का काही?’ आणि तू म्हणालीस, ‘उलटं दिसतं.’ मी मेल्यावरही ते विसरणार नाही.

साहेबांचे फोटो चांगले झाले. मग मी म्हटलं, आता जावईबापू. तो नको नको म्हणाला. साहेब म्हणाले, ‘अहो, सासरचं माणूस एवढ्या लांबून आलंय, बसा की!’ आणि स्वतः खांद्याला धरून त्याला खुर्चीत बसवलं. मी मुद्दाम खुर्ची अशी मांडली होती की त्याला माझ्यामागचं दार, व्हरांडा आणि फाटक सरळ दिसावं. कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाला तुला उभं केलं. मी सांगितलं, खिडकीचा उजेड कमी आहे, चार सेकंद हलायचं नाही, पापणीसुद्धा नाही.

पहिल्या काचेवर तो हसला आहे. छान हसतो. मी तुला म्हटलं, ‘मुंगे, व्हरांड्यातून माझी काचांची पेटी आण.’ तू पिशवी उचललीस. साहेबांची बायको तुझ्याकडे बघत होती. पिशवी घेऊन पेटी आणायला कोण जातं? पण त्या बोलल्या नाहीत.

दुसरी काच मी लावत होते. त्याची नजर माझ्यावरून मागे गेली. तू पेटी ओलांडून पुढे गेलीस, तेव्हा त्याला कळलं. ‘मी जरा बघून येतो,’ म्हणून तो अर्धा उठला. मी म्हटलं, ‘बसा, काच वाया जाईल.’ साहेब हसून म्हणाले, ‘ऑफिसात माझं ऐकत नाही, इथं मामींचं तरी ऐका!’ तो बसला. फाटकाची कडी वाजली. हसू अजून तोंडावर होतं. मी वाट बघितली. मग हसू ओसरलं.

मी दाबला. एक, दोन, तीन, चार.

तो मान वळवू शकला नाही, डोळे मिटू शकला नाही. चार सेकंद तो जसा आहे तसा बसला होता आणि समोर मी होते. मुंगे, तीस वर्षं मी माणसांचे चेहरे बघते आहे. हा मी पहिल्यांदाच बघितला.

साहेबांना काही दिसलं नाही, ते माझ्या मागे घड्याळ बघत होते. त्यांच्या बायकोनं पाहिलं. त्या उठल्या, दाराकडे गेल्या आणि दार लोटून म्हणाल्या, ‘चहा घेतल्याशिवाय कोणी जायचं नाही. मुलगी येईल पेटी घेऊन. त्यांची आणखी एक प्लेट घ्या ना.’ मी आणखी दोन घेतल्या. मग चहा आला. त्यांनी त्याच्या कपात स्वतः दुसऱ्यांदा चहा ओतला. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली, तेव्हा कुठे मी कप खाली ठेवला.

स्टेशनपर्यंत तो माझा स्टँड खांद्यावर घेऊन आला. फलाटावर म्हणाला, ‘मामी, ती कुठे गेली हे तुम्हाला माहीत आहे.’ मी म्हटलं, ‘मी तिला पेटी आणायला पाठवलं होतं.’ त्यानं स्टँड माझ्या पायाशी ठेवला. फार हळू ठेवला. तो आपटला असता तर मी कमी घाबरले असते.

तुझी मामी


६ एप्रिल

मामी,

मी ठीक आहे. ढब्बूमावशीनं मनगट प्लास्टरमध्ये घातलं. हाड मोडलेलं होतं. डाव्या हातानं लिहिते आहे, अक्षर समजून घे.

इथं सगळ्या चांगल्या आहेत. पण कॉरिडॉरमध्ये बुटांचा आवाज आला की मी भिंतीला लागते. कालच्या नर्सला हसू आलं, मग ती गप्प झाली.

एक सांगू? रागावू नकोस. यांच्या जेवणाचं काय होत असेल असं मनात येतं. यांना कुकर लावता येत नाही. कधी कधी हे फार चांगले वागायचे. ताप आला तर रात्रभर पाय चेपायचे. मी कुणाला सांगितलं असतं तरी कुणी मानलं नसतं, तूसुद्धा नाही. तुला लिहिलेल्या ताज्या कलमात यांचं कसं अक्षर होतं बघ, मोत्यासारखं. कधी कधी वाटतं, मलाच तसं दिसत होतं. दोष माझ्या नजरेचा असेल तर?

मुंगी


१५ एप्रिल

मुंगे,

सोमवारी तो स्टुडिओत आला होता.

दुपारची वेळ, मी एकटी. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला आणि रडला. खरी आसवं होती. म्हणाला, मी सुधारलोय, तिच्याविना घर खायला उठतं. तुझ्यासाठी पत्र आणलं होतं, ते टेबलावर ठेवायला उठला. आता जे लिहिते ते नीट वाच. टेबलावर ढब्बूला पाठवायचं पाकीट होतं, पत्ता लिहिलेलं. मी त्यावर हात ठेवला, पण त्याआधी त्याची नजर तिथून फिरली होती. त्यानं वाचलं की नाही मला माहीत नाही. जाताना तो हसला. ही चूक माझी आहे. पाकीट पालथं ठेवायचं एवढंही मला सुचलं नाही. ढब्बूला मी तार केली आहे.

मी चार दिवस त्याचं पत्र तुला पाठवावं की चुलीत घालावं याचा विचार केला. आजवर तुझी पत्रं दुसऱ्यानंच आधी वाचली. आता मीही तेच केलं तर त्याच्यात आणि माझ्यात फरक काय? पाकीट मी फोडलेलं नाही. तसंच पाठवते आहे.

त्याच्यासोबत फोटो आहे. दुसऱ्या काचेचा. मी त्याच्यावर पेन्सिल, चाकू, काही लावलं नाही. पत्र आणि फोटो एकाच माणसाचे आहेत. दोन्ही बघ आणि तुझं तू ठरव. तू परत गेलीस तर मी अडवायला येणार नाही. पण त्यानंतर दर टपालाला माझा जीव जाईल, एवढं लक्षात ठेव.

मामी


२४ एप्रिल

मामी,

आधी पत्र वाचलं. चार पानं होती. खोटं बोलत नाही, तिसऱ्या पानावर मी पिशवी काढली होती. तीत कपडे भरायला सुरुवातही केली होती. ढब्बूमावशी दारात उभी होती, पण बोलली नाही. तू तिला बोलायचं नाही म्हणून सांगितलं होतंस ना?

मग फोटो काढला. लगेच पालथा घातला. तुला कसं सांगू, मामी, तो चेहरा मी चार वर्षं पाहिला, पण दिवा लावलेल्या खोलीत, एकटीनं. दुसरं कुणी आत आलं की तो नसायचा. म्हणून वाटायचं, तो माझ्याच डोक्यात आहे.

मी फोटो सुलटा करून ढब्बूमावशीच्या हातात दिला. कोण आहे ते सांगितलं नाही. तिनं चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, ‘या माणसाबरोबर तू एका खोलीत राहत होतीस?’ मी खूप रडले. पिशवी रिकामी केली. कपडे खुंटीला लावले.

तुझी तार आधीच आली होती. म्हणून संध्याकाळी आम्ही दोघी फाटकावरच्या बाईकडे गेलो आणि तिला फोटो दाखवला. ती जाडजूड आहे, विडी ओढते, कुणाला घाबरत नाही. फोटो बघून म्हणाली, ‘हा इथं आला तर सोडायचा नाही, एवढंच ना?’ मग पुन्हा बघून म्हणाली, ‘पण पोरी, हा असा थोडाच येईल? हसत येईल, हातात काहीतरी घेऊन येईल. ताई, जरा बायकोला बोलवा म्हणेल. मग मी ओळखू कसा?’

मला ते सुचलं नव्हतं. मग फोटोतल्या ओठांवर आडवा हात धरला. फक्त डोळे उरले. म्हटलं, ‘तो बोलायला लागला की मनातल्या मनात त्याचं तोंड असं झाका. वरचं बदलत नाही.’

तिनं माझ्या हाताखालचा तो अर्धा फोटो बराच वेळ पाहिला. विडी खाली टाकली, विझवली. अजून उजेड होता, बाहेरून नर्सेस यायच्या होत्या. तरी ती उठली आणि तिनं फाटकाला कडी घातली.

मुंगी